पुण्यात राहून परदेशी नोकरी: भाडं नंतर विचारा, आधी नळ उघडून बघा

भाड्याच्या घराच्या डिपॉझिटमधून सोळा हजार कापून आले, म्हणून हे लिहायला बसले आहे. राग आहेच. पण मुंबई-ठाण्यातून पुण्याला येऊन घरूनच काम करायचा बेत माझ्या ओळखीतले बरेच जण करताहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, भाडं किती? पुण्यात तेवढ्या एका आकड्यावर घर ठरवलं तर हिशेब हमखास चुकतो.

कामाबद्दल आधी सांगून टाकते, कारण तिथे तक्रार नाही. ऑफिस जर्मनीत आहे. उन्हाळ्यात त्यांच्या-आपल्यात साडेतीन तासांचा फरक, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेचार. उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला बसायचं आणि रात्री नऊला उठायचं. सकाळ पूर्ण मोकळी, वेताळ टेकडी चढून येऊन, अंघोळ-नाश्ता उरकूनही वेळ उरतो. फायबर दोन्ही घरांत चांगलं चाललं. दीडशे एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर राउटर, लॅपटॉप आणि एक पंखा निवांत चालतो, त्यामुळे वीज गेली म्हणून माझी एकही मीटिंग तुटलेली नाही. इथपर्यंत पुण्याला पैकीच्या पैकी.

पहिलं घर पुण्याच्या कडेला, सूसला भाड्याने घेतलं. टू बीएचके, एकवीस हजार भाडं, अकराव्या मजल्यावर, गॅलरीतून डोंगर. ठाण्यात एवढ्या पैशांत वन बीएचकेसुद्धा धड मिळत नव्हता. पावसाळा आणि थंडी इतकी छान गेली की मी दोन मैत्रिणींना इकडे यायचा आग्रह केला.

फेब्रुवारीत मेंटेनन्सच्या पावतीखाली एक नवीन ओळ आली, ‘टँकर वर्गणी’. आधी नऊशे, मार्चमध्ये अठराशे, एप्रिलमध्ये जवळपास तीन हजार. सूस २०२१ मध्ये पालिकेच्या हद्दीत आलं खरं, पण गाव हद्दीत येतं एका आदेशाने आणि जलवाहिनी यायला वर्षं लागतात. तोवर सोसायटी जगते बोअरवेलवर आणि दहा हजार लिटरच्या टँकरवर. एप्रिलपासून पाणी ठरलेल्या वेळेलाच सोडायला लागले, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ. संध्याकाळची वेळ नेमकी माझ्या टीमच्या रोजच्या बैठकीची. कॅमेरा बंद करून बादल्या भरायच्या, परत येऊन बसायचं. वॉचमनकाकांना विचारलं तर ते म्हणायचे, “ताई, ड्रायव्हर म्हणतो आज नंबर लागला नाही, रात्री येईल.” घरून काम करणाऱ्याला हे ऑफिसला जाणाऱ्यापेक्षा दुप्पट जाचतं, कारण दिवसभर घरातलंच पाणी लागतं.

आणि त्या पाण्याची प्रत! मी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र आणलं. नळाच्या पाण्याचा आकडा सातशेच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पाचशेपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दोन हजारांपर्यंत सवलत आहे. म्हणजे सोसायटीवाले “लिमिटमध्ये आहे” म्हणत ते कागदावर बरोबर. पण गीझर बंद पडल्यावर मेकॅनिकने आतली कॉईल बाहेर काढली, तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा थर. स्क्रूड्रायव्हरने टोचला तर खपल्या पडल्या. गरम पाण्याचा नळ पिळला तर करकर वाजायचा, केस धुतले तरी चिकट राहायचे.

घर सोडताना मालकांनी ही कॉईल आणि टँकरची ‘थकबाकी’ माझ्या डिपॉझिटमधून कापली. करारात स्वच्छ लिहिलंय की मेंटेनन्स मालकाकडे. त्यांचं म्हणणं, टँकर म्हणजे मेंटेनन्स नाही. कॉईल जळाली ती त्यांच्याच बोअरच्या क्षाराने, तो खर्च भाडेकरूने का भरायचा? लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे, ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात. माझा करार नोंदवलेला आहे, पण त्यात ‘टँकर’ हा शब्द नाही, आणि मालकांनी त्याच फटीत बोट घातलं. तुम्ही तो शब्द लिहूनच घ्या, कोणाकडे ते नावानिशी.

मे महिन्यात परत ठाण्याला जायचं मी ठरवूनच टाकलं होतं. पुणे राहण्यालायक उरलं नाही, असं घरी सांगूनही झालं होतं. तेवढ्यात कोथरूडला राहणाऱ्या मावशीने तिच्या ओळखीतलं एक घर सुचवलं आणि माझं मत पार बदललं.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके, स्वयंपाकघर लहान, भाडं वीस हजार. वरवर पाहता महाग. पण इथे खडकवासला धरणाचं पाणी पालिकेच्या नळाने येतं. त्याच मीटरवर आकडा शंभरच्या आत. पिण्याच्या पाण्याचे जार बंद, टँकर बंद, साबणाला फेस. गुरुवारी कधीतरी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं, आणि सूचनेत ते नेहमीचं वाक्य असतं, ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’. गच्चीवरच्या टाकीत तेवढं निभतं. शिवाय कोथरूडच्या वनाझ स्थानकाहून मेट्रोने थेट पुणे स्टेशन गाठता येतं, सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायला रिक्षावाल्याच्या विनवण्या नकोत.

मला खटकतं ते हे की खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून जवळपास २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत विसर्ग सुरू झाला की अर्धं शहर भिडे पुलावर बघायला जातं. पुढच्याच उन्हाळ्यात कडेच्या गावांत टँकरच्या रांगा लागतात. पाऊस पडूनही पाणी घरापर्यंत न्यायला पाईप नाही, आणि तरी मजल्यावर मजले चढताहेत. एवढ्या लोकांना घरं विकताना हे कुणीच सांगत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

घर बघायला यायचंच तर एप्रिल-मे मध्ये या, आणि दलालाबरोबर नको, एकट्याने संध्याकाळी या. वॉचमनला विचारा, रोज किती टँकर येतात. मागच्या मे महिन्याची मेंटेनन्सची पावती मागा. बाथरूममधल्या शॉवरची भोकं बघा, पांढरी बुजलेली असतील तर गीझर उघडायचीही गरज नाही.

कोथरूडच्या मालकीणकाकूंनी नव्या करारात पाच टक्के वाढ मागितली आहे. मी हो म्हटलं. सूसच्या मालकांना पावत्यांसकट नोटीस पाठवते आहे.