फेअरलर्न: ऑडिटवाल्याच्या नजरेतून

एआय मॉडेलं तपासणं हे माझं रोजचं काम, आणि मॉडेल वेगवेगळ्या गटांना सारखं वागवतं का हे मोजणारी फेअरलर्न ही पायथनची फुकटातली लायब्ररी त्यात हाताशी असतेच. तिच्यातलं मेट्रिकफ्रेम, म्हणजे अचूकतेसारखी मापं गटागटाने फोडून दाखवणारं साधन, माझं विशेष लाडकं. एका कर्जमंजुरीच्या मॉडेलची एकूण अचूकता झकास होती, क्लायंट खुशीत. वयोगटाप्रमाणे फोड केली, तर पंचविशीच्या आतल्यांना मंजुरी ३१ टक्के, बाकीच्यांना ५२. गुणोत्तर जेमतेम ०.६. अमेरिकेच्या १९७८ च्या नोकरभरती नियमावलीतला चार-पंचमांशाचा ठोकताळा ०.८ मागतो, म्हणजे एखाद्या गटाचं निवडीचं प्रमाण सर्वांत वरच्या गटाच्या निदान चार-पंचमांश हवं. तो कर्जासाठी नाही, हे मान्य. पण त्या तक्त्यानंतर मीटिंगमध्ये कुणी हसलं नाही.

खटकतं ते एवढंच, की गटात ११ माणसं असली तरी टक्केवारी त्याच ठसक्यात छापून येते. संख्येचा रकाना आपणच आठवणीने जोडायचा. मी एकदा विसरलो आणि अहवाल परत लिहिला.

आणि हो, मॉडेल कुणी मंजूर केलं, डेटा आला कुठून, याचे कागद ही लायब्ररी देत नाही. त्यासाठी माणसांच्या मागेच लागावं लागतं. पाचपैकी चार तारे.