पानाला तीस रुपये, बोलणी फुकट

हळदीचा धंदा वडिलांनी फोनवर केला. माझ्या वाट्याला आल्या ईमेल, त्याही इंग्रजीतून. माझं इंग्रजी म्हणजे बारावीपर्यंतचं, त्यावर इंग्रजीतल्या चुकांखाली रेघ मारणाऱ्या, फोनमधल्या फुकटच्या ॲपचा मुलामा. गेल्या हंगामात दुबईच्या पार्टीला लिहिलं, ‘वुई विल सेंड सॅम्पल्स टिल फ्रायडे.’ ॲपनं एक रेघ मारली नाही. पार्टीनं उलट विचारलं, शुक्रवारनंतर पाठवणं बंद करणार का?

तेव्हा शेजारच्या दुकानदारानं आमच्या सांगलीतल्या एका टायपिंग क्लासचा पत्ता दिला. बाहेरच्या खोलीत पोरं सरकारी परीक्षेसाठी मिनिटाला तीस-चाळीस शब्द बडवत असतात. आतल्या टेबलावर इंग्रजीचे निवृत्त सर पत्रं, अर्ज, बायोडेटा तपासून देतात. पानाला तीस रुपये. वेळ संध्याकाळी पाच ते साडेसात.

सरांनी माझं वाक्य वाचलं आणि म्हणाले, “हे आधी मराठीत सांगा.” मी म्हटलं, “शुक्रवारपर्यंत नमुने पाठवू.” “बरं. आणि ‘शुक्रवारपर्यंत दुकान बंद’ यातलं ‘पर्यंत’ तेच का?” मी गप्प. पहिल्यात काम शुक्रवारच्या आत कधीतरी उरकायचंय, तिथं ‘बाय’. दुसऱ्यात बंद हे शुक्रवार उजाडेतो चालूच राहणार, तिथं ‘टिल’. मराठीला एक ‘पर्यंत’ पुरतो, इंग्रजीला पुरत नाही. ‘पासून’चीही तीच गत. ‘आय ॲम डूइंग धिस बिझनेस सिन्स ट्वेल्व्ह इयर्स’ असं मी दर पत्रात अभिमानानं लिहायचो. सरांनी ते ‘आय हॅव बीन डूइंग धिस बिझनेस फॉर ट्वेल्व्ह इयर्स’ केलं. ‘सिन्स’ हवाच असेल तर पुढं साल घाला म्हणाले, वर्षांची मोजणी नको.

खरी लाज निघाली ती ‘डाउट’वर. पैसे कुठल्या तारखेला येणार एवढंच विचारायचं होतं. शाळेत सरांना शंका विचारायचो तशी इथंही लिहिली, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट.’ सरांनी चष्मा काढला. “अहो, तुमचे पैसे बुडणार असा संशय घेताय तुम्ही त्याच्यावर!” ‘डाउट’ खोडून ‘क्वेश्चन’ आला. याहीवर ॲपची रेघ नव्हती, कारण व्याकरणात वाक्य बिनचूक होतं. चूक माझ्या मराठीतून आली होती, आणि ती दिसायला वाचणाऱ्याला मराठी यावं लागतं. माझ्या मते तीस रुपये याच नजरेचे आहेत.

‘डिस्कस अबाउट’, ‘वन ऑफ माय सप्लायर’ असली किरकोळ तणं सर न बोलता उपटतात. ‘अ’ आणि ‘द’चं मात्र अजून माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. हळदीविषयी सर्वसाधारण बोलताना ‘द’ नको, पण पाठवलेल्या हळदीविषयी बोलताना हवा, इथवर कळतं. पुढं मी मान डोलावतो.

आता तक्रारी. ईमेल दाखवलेली चालत नाही. प्रिंट काढूनच न्यायची, तीही दोन ओळींत जागा सोडून, नाहीतर परत पाठवतात. भाषा कधीकधी फारच जुन्या वळणाची होते. एका साध्या दरपत्रकात ‘आय बेग टू स्टेट’ घुसवलं होतं, मी घरी येऊन गुपचूप काढलं. अमेरिकेच्या पार्टीच्या पत्रात हळदीच्या ‘कलर’मध्ये त्यांनी हट्टानं यू घातला. पार्टी लिहिते बिनयूचं, आम्ही यूवालं. आणि टायपिंगच्या परीक्षा असल्या की टेबल उचलून जिन्याखाली जातं. तिथल्या दिव्यात लाल शाई काय, निळी काय!

बोलणीही खावी लागतात. बायोडेटा घेऊन आलेल्या एका पोराला ‘मायसेल्फ’नं सुरुवात केल्याबद्दल सगळ्यांदेखत उभं केलं होतं. ते मला पटलं नाही.

रात्री अकराला घाईची ईमेल असेल तर मी अजूनही ॲपच वापरतो, स्पेलिंगला ते बरं आहे. पण दर, तारीख किंवा पैसे असतील ते पत्र जिन्याखाली का होईना, सरांकडंच. परवाच्या पानावर चारच लाल खुणा होत्या, त्यातली एक ‘रिव्हर्ट बॅक’मधल्या ‘बॅक’वर. मी म्हटलं, “सर, आज कमी घ्या.” म्हणाले, “वाचलं पान पूर्णच ना?” गुरुवारी बंद असतं.