जुन्या रिसीव्हरच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक: हौशी रेडिओवाल्या हॅम मित्रांनो, सावध राहा

मामा गेल्यावर त्यांचा ट्रिओ ९आर-५९डीएस हा रेडिओ रिसीव्हर माझ्याकडे आला. हा साठच्या दशकातला जपानी सेट, आठ व्हॉल्वचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा), मीडियम वेव्हपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा. पुढे केनवुड झाली तीच ही ट्रिओ. तक्रार एकच होती. बँडस्विच (बँड बदलायचं बटण) फिरवला की खरखर व्हायची आणि आपला हॅमचा ४० मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा पट्टा ज्यात येतो त्या ‘सी’ बँडवर आवाज ये-जा करायचा. जुन्या सेटला हे दुखणं असतंच. स्विचच्या कॉन्टॅक्टवर चांदीचा मुलामा असतो, हवेतल्या गंधकानं तो काळवंडतो आणि बारीक सिग्नल तिथेच अडतो.

बदलीच्या धावपळीत होतो, म्हणून ओळखीतून नाव कळलेल्या एका दुरुस्तीवाल्याकडे सेट दिला. बिल आलं साडेसहा हजारांचं: बँडस्विच नवा, कपलिंग कपॅसिटर (आवाजाचा सिग्नल पुढच्या व्हॉल्वला देणारे) नवे, आउटपुट व्हॉल्व नवा. माझ्यासमोर त्यानं सेट लावला आणि ७ मेगाहर्ट्झवर सकाळची बोलणी खणखणीत ऐकवली. मी पैसे दिले.

महिना उलटायच्या आत ‘सी’ बँड पुरता मुका झाला. बटण फिरवताना चिकट, जड लागू लागलं. तेव्हा प्लग काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करून तळाचा पत्रा उघडला.

स्विच मामांच्या वेळचाच होता. सोल्डरिंगवर कित्येक वर्षांची धूळ तशीच बसलेली. या कॉइलपॅकला बसेल असा नवा स्विच आज कुठे बनतही नाही, हे त्यालाही माहीत असणार. वेफरवर (कॉन्टॅक्ट बसवलेल्या चकतीवर) तपकिरी तेलकट थर, त्याला गंज सोडवायच्या स्प्रेचा वास. भिंगातून पाहिलं तर फिरत्या कॉन्टॅक्टवर आडव्या रेघा आणि खालून पिवळं पितळ डोकावतंय. पॉलिश पेपर मारून चांदी खरवडली होती. वर तेल मारलं की ताज्या घासलेल्या धातूवर काही दिवस सेट छान बोलतो. मग उघडं पितळ काळं पडतं, तेलात धूळ बसते, आणि वेफरचा कागदी बेकलाइट तेल पिऊन लीक होऊ लागतो, म्हणजे त्यातून वीज झिरपते. काळवंडलेली चांदी साफ करता येते, गेलेली चांदी परत येत नाही. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आहे.

कपॅसिटरही जुनेच होते. सेट चालू करून आउटपुट व्हॉल्वच्या ग्रिडवर (सिग्नल आत येतो त्या टोकावर) मीटर लावला, तर काही व्होल्ट पॉझिटिव्ह! कपलिंग कपॅसिटर लीक असला की हे होतं. व्हॉल्व तापतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच जळतो. ‘नव्या’ व्हॉल्वच्या काचेवरचा चंदेरी डाग विरलेला, कडांना तपकिरी. म्हणजे भरपूर वापरलेला. मामा प्रत्येक व्हॉल्वला कागदाची चिठ्ठी चिकटवायचे. ज्यांना हातच लावला नाही असं हा म्हणत होता, त्यातल्याही दोघांवर चिठ्ठी नाही, म्हणजे तेही बदललेले.

जाब विचारला, तर म्हणाला, “साहेब, जुन्या सेटची गॅरंटी नसते.” काढलेला माल मागितला, तर तो म्हणे फेकून दिला. पैसे मिळाले नाहीत, व्हॉल्वही नाहीत.

हे लिहितोय ते मुख्यतः सायलेंट की झालेल्या, म्हणजे दिवंगत हॅमच्या घरच्यांसाठी. असे सेट आता त्यांच्याच कपाटात आहेत आणि आत काय आहे हे त्यांना माहीत नसतं. दुरुस्तीला देण्याआधी वरून-खालून फोटो काढा, प्रत्येक व्हॉल्वचा जवळून काढा. काढलेला प्रत्येक भाग परत हवा, हे आधीच लिहून घ्या. परत घेताना तळ उघडून दाखवायला सांगा. नुसता आवाज ऐकून पैसे देऊ नका. खरं काम करणारा माणूस इलेक्ट्रॉनिक्सच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब काडीनं फक्त कॉन्टॅक्टवर सोडतो, स्विच वीसेक वेळा मागेपुढे फिरवतो, सुकू देतो. स्प्रेनं वेफर भिजवत नाही, पॉलिश पेपर तर जवळही आणत नाही. उघडलेल्या व्हॉल्व सेटमध्ये मात्र घरच्यांनी स्वतः हात घालू नये, आत दोनशे व्होल्टच्या आसपास एचटी (व्हॉल्वला लागणारा उच्च दाब) असते.

कपॅसिटर मी स्वतः बदलले, ग्रिड आता ठीक आहे. ‘सी’ बँडच्या वेफरसाठी याच मॉडेलचा भंगारातला सेट शोधतोय. कुणाकडे असेल तर योग्य किंमत देईन.