लायनरची सीट खचली: शिम, कटिंग, रिंग की नवा ब्लॉक?

डिझेल इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवल्यावर एखादा लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती ब्लॉकमध्ये बसवलेली नळी) ब्लॉकच्या पातळीला येऊन बसलेला दिसला, की मालकापुढे चार पर्याय उभे राहतात आणि शॉपमधला प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. पुढील तुलना कमिन्सचे एनटी-855 हे सहा सिलिंडरांचे, 14 लिटरचे, 140 मिलिमीटर बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे) इंजिन डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. अमेरिकेत हे इंजिन लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये वर्षानुवर्षे धावले. आपल्याकडे ते ट्रकपेक्षा डंपर, क्रेन आणि जनरेटर सेटवर अधिक भेटते. आकडे प्रत्येक इंजिनाचे निराळे असतात, मात्र निर्णय घेण्याची रीत बदलत नाही.

या इंजिनात लायनरची कॉलर, म्हणजे त्याच्या वरच्या टोकाची रुंद कड, ब्लॉकच्या वर 0.08 ते 0.15 मिलिमीटर राहावी लागते, कारण हेडचे बोल्ट आवळल्यावर कॉलर सीटवर (ब्लॉकमधल्या ती टेकते त्या पायरीवर) दाबून धरली जाते ती या उठावामुळेच. ज्वलनाचा दाब 100 बार धरला, तरी एका सिलिंडरमध्ये 15 टनांहून अधिक जोर हेडला वर रेटतो आणि 1800 आरपीएमला हे सेकंदाला 15 वेळा घडते. आवळ जरा जरी कमी पडली, तरी कॉलर सीटवर केसभर हलत राहते, सीट झिजते, उठाव आणखी कमी होतो आणि झीज वाढत जाते. लायनर काढल्यावर सीटवर तांबूस भुकटी आणि बाहेरच्या बाजूला चकाकणारा पट्टा दिसतो, तो याच हालचालीचा. ड्रायव्हरला मात्र हे फार उशिरा, रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागल्यावर किंवा ऑइल दुधाळ झाल्यावर कळते.

पर्याय निवडण्याआधी सीट मोजावी आणि ती केवळ खोलीसाठी मोजू नये. डायल गेज (सुईने सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) ब्लॉकच्या पृष्ठावर ठेवून घड्याळातील 12, 3, 6 आणि 9 या चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी सीटच्या आतल्या व बाहेरच्या कडेजवळ, असे आठ आकडे लिहून घ्यावेत. सीट सगळीकडे सारखी खाली गेली असेल तर दुखणे साधे आहे. आतली आणि बाहेरची कड वेगवेगळी भरत असेल, म्हणजे सीटला उतार आला असेल, तर कॉलर एकाच कडेवर टेकते आणि हेड आवळताना किंवा पुढे काही हजार किलोमीटरांवर मुळाशी तडकते. माझ्या मते सगळा निर्णय खोलीपेक्षा या उतारावर ठरावा.

न कापता जाड शिम (कॉलरखाली घालायची धातूची चकती) टाकणे सर्वांत स्वस्त आणि एका दिवसात होणारे काम आहे, म्हणूनच ते सर्वाधिक केले जाते. शिम खोली भरून काढते, उतार भरून काढत नाही. तिरक्या सीटवर शिमही तिरकाच बसतो. आठही आकडे जुळत असतील आणि सीटवर खड्डे नसतील, तरच हा मार्ग योग्य आहे. दोन पातळ शिम एकावर एक रचण्याची सवय तर सोडूनच द्यावी, कारण हलायला आणखी एक जागा तयार होते.

सीट हलकी कापून मग शिम टाकणे हा बहुतेक वेळा योग्य उपाय ठरतो, पण त्यात हिशेब आधी आणि टूल नंतर हवे. समजा, उठाव 0.02 मिलिमीटर उरला आहे आणि सीट स्वच्छ निघायला 0.15 मिलिमीटर कापावे लागले. 0.20 चा शिम टाकला तर उठाव 0.07 भरतो, म्हणजे मर्यादेच्या खालीच, 0.23 चा टाकला तर 0.10 मिळतो. म्हणून बाजारात कोणते शिम मिळतात ते पाहूनच कटिंग कुठे थांबवायचे हे ठरवावे. कापल्यावर सीटच्या आतल्या कडेची धार मोडायलाच हवी, नाहीतर कॉलरखालची गोलाई त्या धारेवर अडते आणि लायनर सीटवर टेकतच नाही. आमच्याकडे दुसरीकडून कापून आलेला एक ब्लॉक केवळ एवढ्या कारणाने तीन कॉलर तोडून परत आला होता.

हेच कटिंग इंजिन गाडीत ठेवून पोर्टेबल टूलनेही करता येते. एक-दोन सीटच खराब असतील आणि गाडी उभी ठेवणे परवडत नसेल, तर ते सोयीचे आहे. मात्र टूल ब्लॉकच्या पृष्ठावर टेकते, त्यामुळे पृष्ठ वाकडे असेल तर सीटही वाकडीच निघते. क्रँक ग्रीस लावलेल्या कापडाने झाकली नाही, तर बिडाचा कीस बेअरिंगपर्यंत पोहोचतो. सहाही सीट करायच्या असतील, तर ब्लॉक मशीन शॉपमध्ये नेणेच शहाणपणाचे.

सीट खोलवर गंजली असेल, किंवा आधीच इतकी कापली असेल की सर्वांत जाड शिमही पुरत नाही, तेव्हा काउंटरबोअर, म्हणजे ब्लॉकमधली कॉलर बसण्याची खोलगट जागा, मोठा करून त्यात रिंग ठोकावी आणि ती मूळ मापाला कापावी. खर्च अधिक येतो, पण पुढे शिमविना साधा लायनर बसतो. काउंटरबोअर वाढवल्याने शेजारच्या सिलिंडरकडची भिंत पातळ होते, म्हणून कडेला तडा असलेल्या ब्लॉकवर हा प्रयोग करू नये. तिथे ब्लॉक बदलणे हाच उपाय उरतो.

कोणताही मार्ग घेतला, तरी ओ-रिंग (लायनरच्या खालच्या भागातली पाणी अडवणारी रबरी कडी) न लावता लायनर बसवून, तो प्लेट आणि बोल्टने दाबून उठाव पुन्हा मोजावा. ओ-रिंग लायनरला वर ढकलतात आणि आकडा फसवा येतो. त्याच वेळी खालचा ओ-रिंगचा बोअरही बोटाने चाचपून पाहावा. तिथे गंजाचे खड्डे पडले असतील तर वरची सीट कितीही चांगली झाली तरी पाणी खालून ऑइलमध्ये जाणारच, आणि मग सीटच्या खर्चात त्या बोअरच्या स्लीव्हचा खर्च मिळवूनच ब्लॉकच्या किमतीशी तुलना करावी लागते.