झूम एफ ३ : कूलरच्या गावात डायलॉग रेकॉर्ड करायचा असेल तर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पूर्ण वाचायचा कंटाळा असेल तर इथूनच सुटका. तुमच्याकडे बऱ्यापैकी शॉटगन (लांब नळीचा, समोरचा आवाज घेणारा) किंवा पेन्सिल (छोटा, बारीक) माइक असेल, बूम म्हणजे माइक लावलेली लांब काठी धरणारा एक माणूस असेल आणि कान देऊन ऐकायला एक बंद हेडफोन असेल, तर झूम एफ ३ हा आवाजाचा रेकॉर्डर डोळे मिटून घ्या. यातलं काहीच नसेल तर नका घेऊ, ते पैसे आधी माइकवर घाला. नागपुरात शॉर्टफिल्म करणारी बरीच पोरं उलटं करतात, कॅमेऱ्याला लाख, लेन्सला पन्नास हजार, आणि आवाजाची गोष्ट निघाली की "डबिंगमध्ये पाहू ना बे". डबिंगमध्ये काय होते ते आपण सगळ्यांनी युट्यूबवर ऐकलेलं आहे.

आता ही डबी काय आहे. तळहातात मावते, दोन एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या केबलचे) इनपुट, खाली ट्रायपॉडचा स्क्रू, दोन एए सेल, मायक्रो एसडी कार्ड, बस. २०२२ मध्ये आली. हिला स्वतःचा माइक नाही, आणि इथेच लोक गडबडतात. नागपूरच्या बर्डीतल्या एका दुकानात मी विचारायला गेलो तर काउंटरवरचा भाऊ मला झूमचाच एच १ एन दाखवत होता, म्हणे "हा घ्या ना जी, याला वर माइक पण आहे, त्याला तर काहीच नाही". वर लावलेला एक्स-वाय (दोन माइक तिरके जोडलेला) माइक भजनाला, ॲम्बियन्सला, पावसाच्या आवाजाला मस्त आहे, पण डायलॉगला त्याचा उपयोग जवळपास शून्य, कारण रेकॉर्डर काही ॲक्टरच्या डोक्यावर टांगता येत नाही. डायलॉगच्या कामात रेकॉर्डरकडून तीनच गोष्टी पाहिजेत: एक्सएलआर इनपुट, फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज), आणि प्रीॲम्प (माइकचा बारीक आवाज मोठा करणारा भाग) ज्यात सूंऽऽ असा आवाज येत नाही. एफ ३ मध्ये तिन्ही आहेत. प्रीॲम्पचा नॉइज -१२७ डीबीयू दिलाय (आकडा जेवढा खाली तेवढा शांत), आणि हातात घेतल्यावर ते पटते, कमी आवाज देणारा स्वस्तातला शॉटगन लावून कुजबुज घेतली तरी मागे वाळू पडल्यासारखं होत नाही.

मेन गोष्ट म्हणजे ३२-बिट फ्लोट, म्हणजे फाइल बनवायची अशी पद्धत ज्यात एकदम हळू आणि एकदम मोठा आवाज दोन्ही मावतात. यावर एवढी हवा झाली आहे की लोकांना वाटते जादू आहे. प्रत्येक इनपुटला आत दोन कन्व्हर्टर आहेत, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्या आवाजासाठी, आणि मशीन दोन्ही मिळून एकच फाइल बनवते. त्यामुळे गेनचा (आवाज किती वाढवून घ्यायचा त्याचा) नॉब नाहीच, लेव्हल सेट करायची भानगडच नाही. नेहमीच्या २४-बिट रेकॉर्डरवर आपण काय करतो, रिहर्सल घेतो, पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) -१२ डीबीच्या आसपास ठेवतो, आणि मग टेकला ॲक्टर रिहर्सलपेक्षा दुप्पट जोरात बोलतो आणि सगळं फाटते.

आणि आपल्याकडे तर हे होणारच, कारण आपले ॲक्टर येतात कुठून? राज्य नाट्य स्पर्धेतून, कॉलेजच्या एकांकिकेतून, काही तर झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भातल्या त्या रात्रभराच्या नाटकांतून. झाडीपट्टीवाला माणूस म्हणजे रात्रभर मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा, त्याला तुम्ही "दादा, जरा नॅचरल बोला" म्हटलं तर तो दोन टेक नॅचरल बोलतो आणि तिसऱ्या टेकला भावना आली की गळा सुटलाच. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात शूट होतं, सासूचा रोल करणाऱ्या काकू रिहर्सलला अगदी पुटपुटल्या, आणि टेकला "निघ माझ्या घरातून!" अशा कडाडल्या की बूमवाल्या पोराचा हात हलला. रेकॉर्डरच्या स्क्रीनवर वेव्ह वरखाली चिकटलेली, टाइमलाइनवर टाकलं तर क्लिप नुसती वीट दिसून राहिली होती. क्लिपचा गेन १४ डीबी खाली ओढला, आणि आतून पूर्ण गोल, न फाटलेली वेव्ह बाहेर आली, काकूंच्या आवाजातला तो शेवटचा कापरेपणा सुद्धा शाबूत. झूमचा जुना २४-बिटवाला एच ४ एन असता तर तो टेक गेला होता, आणि काकू दुसऱ्यांदा तसं बोलल्या नसत्या हे मी लिहून देतो.

पण. ३२-बिट फ्लोट फक्त रेकॉर्डरच्या आतलं फाटणं थांबवते. माइक स्वतःच ओव्हरलोड झाला तर फाटलेलंच रेकॉर्ड होणार. वायरलेसचा रिसीव्हर आधीच फाटका आवाज पाठवत असेल तर तोही तसाच येणार, फक्त ३२-बिटमध्ये. आणि मिक्सरमधून फीड घेताना (नाटकाचं रेकॉर्डिंग, कॉलेजचा कार्यक्रम वगैरे) मेनूत जाऊन इनपुट माइकवरून लाइनवर करा, माइक मोडला इनपुट +४ डीबीयूपर्यंतच झेपते, लाइनला +२४. "लेव्हल पाहायची नाही" हे ऐकून लोक ही सेटिंगसुद्धा पाहत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ही डबी कूलर बंद करत नाही.

बाहेरगावच्या लोकांना हे कळत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि घरोघरी खिडकीत तो पत्र्याचा कूलर, आत पंखा, खाली पाण्याची मोटर, कडेला घास, आणि तो थांबला की पाच मिनिटात खोलीची भट्टी होते. एफ ३ चे प्रीॲम्प एवढे साफ आहेत की कूलर एकदम साफ रेकॉर्ड होतो, मोटरची घूं वेगळी, पाणी टपकायचं वेगळं. पोस्टमध्ये नॉइज रिडक्शनने पंख्याची घरघर कमी होते, हो, पण तिच्यासोबत आवाजाचं अंग पण जाते, माणूस डब्यात बसून बोलतोय असं वाटते. म्हणून टेकला कूलर बंद, टेक संपला की चालू, सगळ्या युनिटला हे आधीच सांगून ठेवायचं. फ्रिज पण बंद करा आणि गाडीची चाबी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना चाबी शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण येईल, नाही तर घरमालकीणबाईंचं दूध नासलं की पुढच्या शूटला तो वाडा मिळत नाही. साउंडवाल्यांची ही जुनी ट्रिक आहे, माझी नाही.

शेजाऱ्याचा कूलर मात्र बंद करता येत नाही, तिथे एकच उपाय, माइक जवळ आणा. माइक तोंडापासून जेवढा दूर, तेवढा डायलॉग खाली पडतो, दर दुप्पट अंतराला ६ डीबी. एक फुटावरून चार फुटावर गेलात तर १२ डीबी गेले, आणि कूलर तर सगळीकडे सारखाच वाजून राहिला आहे. म्हणजे बूम फ्रेमच्या काठाला लागेपर्यंत खाली आणायचा, कॅमेरावाला ओरडला की एक इंच वर, तिथेच थांबायचं. हा एक इंच कोणत्याही रेकॉर्डरपेक्षा महाग आहे, आणि याच्यावरून आमच्या युनिटमध्ये दर वेळी कॅमेरा आणि साउंडची तोंडं फुगतात.

आपल्या घरांमधला दुसरा वैताग म्हणजे टाइल्स आणि रिकाम्या भिंती. असल्या खोलीत लांब शॉटगन उलटा त्रास देतो, बाजूने येणारा घुमलेला आवाज तो नीट कापत नाही आणि टोन विचित्र होतो. तिथे छोटा हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) पेन्सिल माइक बरा. आणि फ्रेमच्या बाहेर जिथे जागा मिळेल तिथे गाद्या, रजया, चादरी टांगा. उन्हाळ्यात रजया मागायला गेलं की लोक वेड्यात काढतात, काढू द्या. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर शूट असेल तर माइकवर केसाळ कव्हर पाहिजेच, साधा स्पंज वाऱ्याला पुरत नाही.

आता तक्रारी. पहिली, बटणं. समोर वेव्ह मोठी-लहान दिसायची बटणं आहेत आणि प्रत्येक नवीन माणूस त्यालाच गेन समजतो, वेव्ह स्क्रीनच्या बाहेर गेली की घाबरून कमी करत बसतो. त्याने काही फाटत नाही, वेव्ह बाहेर गेली तरी फाइल सुरक्षित आहे, पण हे समजावण्यात माझा घसा गेला. दुसरी, इनपुट फक्त एक्सएलआर, पाव इंची जॅक जात नाही, म्हणजे गिटारवाल्या मित्राने "माझी केबल आहे ना" म्हटलं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. तिसरी, फँटम चालू केलं की सेल भराभर उतरतात. मी चार्जेबल एए वापरतो, आणि मेनूत सेलचा प्रकार बदलून निकेलवाला करून ठेवायचा असतो, नाही तर बॅटरीचा काटा थापा मारतो. दिवसभराचं शूट असेल तर यूएसबी-सी ने पॉवर बँक जोडून टाका, डोक्याला ताप नाही. चौथी, टाइमकोडसाठी (कॅमेरा आणि रेकॉर्डरची वेळ जुळवणारा सिग्नल) वेगळा ब्लूटूथ अडॅप्टर आणि वर वेगळी टाइमकोडची डबी लागते. आपल्या बजेटच्या फिल्मला टाइमकोड लागत नाही, टाळी लागते. टाळी वाजवा, कॅमेऱ्यातला आवाज पण चालू ठेवा, डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकटवाल्या व्हर्जनमध्ये वेव्हफॉर्मवरून सिंक होते. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ४८ किलोहर्ट्झ ठेवा, ४४.१ गाण्याच्या सीडीसाठी होतं, आणि १९२ वर रेकॉर्ड करून डायलॉगला काहीही मिळत नाही, कार्ड तेवढं भरते. ४८ वर दोन ट्रॅकचे तासाला साधारण १.४ जीबी, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात वीसेक तास. लांब मुलाखत असेल तर शेवटी पण एक टाळी घ्या, कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तासाभरात थोडी सरकतात आणि ओठ पुढे-मागे व्हायला लागतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एच ४ एन प्रो नागपुरात भाड्याने सगळ्यात लवकर मिळतो, आवाज चांगला आहे, पण गेन बाजूच्या प्लस-मायनस बटणावर, आणि रेकॉर्डचं बटण दोनदा दाबावं लागते: एकदा दाबलं की लाल लाइट फक्त लुकलुकते, म्हणजे तयारीत आहे, रेकॉर्ड होत नाहीये, दुसऱ्यांदा दाबलं की लाइट स्थिर. कितीतरी पोरांचे पूर्ण सीन त्या लुकलुकीत गेलेले आहेत. भाड्याने आणणार असाल तर दुकानातच दोन्ही एक्सएलआरला माइक लावून, केबल हलवून, हेडफोनवर ऐका, मला एकदा असा पीस मिळाला की उजवा इनपुट केबल जरा हलली की कर्रऽ करायचा, आणि परत नेला तर "आमच्याकडे तर बरोबर चालत होता जी". टॅसकॅम डीआर-१० एल म्हणजे कॉलर माइकसोबत ॲक्टरच्या खिशात टाकायचा छोटा रेकॉर्डर, एक एएए सेल, आणि सोबत एक कमी लेव्हलचा सेफ्टी ट्रॅक, चालत्या गाडीतल्या किंवा लांबच्या शॉटला फार कामाचा, पण दुरून काही ऐकता येत नाही, खिशातल्या चिल्लरचा आवाज येतोय हे घरी आल्यावर समजते. लग्नवाले व्हिडिओग्राफर आजकाल डीजेआय नाहीतर रोड कंपनीचे वायरलेस माइक घेतात, ज्यांच्या ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होते, त्यांच्यासाठी तेच बरोबर, बूम धरायला मंडपात माणूस कुठून आणणार. चार-सहा ॲक्टर, प्रत्येकाला वेगळा माइक असं काम असेल तर एफ ३ चे दोन इनपुट पुरणारच नाहीत, मग एफ ६ कडे पाहा, सहा इनपुट आणि टाइमकोड आतच. आणि अगदीच पैसे नसतील तर हजाराच्या आतला बोया बी वाय एम १ हा कॉलर माइक मोबाइलला लावा, मोबाइल खिशात टाका, सहा मीटरची वायर गुंडाळून कमरेला खोचा. हसू नका, कूलरवाल्या खोलीत दूरच्या महागड्या शॉटगनपेक्षा छातीवरचा बोया जिंकतो.

घेताना जीएसटीचं बिल मागा, "बिलाशिवाय दोन हजार कमी" ऐकून विरघळू नका, वॉरंटीच्या वेळी तेच दोन हजार आठवतात. कार्ड चांगल्या कंपनीचं आणि खात्रीच्या दुकानातूनच, बनावट कार्ड ६४ जीबी दाखवते आणि आत आठच असतात, पूर्ण भरून तपासल्याशिवाय शूटला नेऊ नका. आणि पहिल्या शूटआधी एक दिवस तरी भाड्याने आणून घरीच बसून पाहा, आईला स्वयंपाकघरात बोलतं करा, कुकर चालू असताना. शिट्टी आणि आईची कुजबुज एकाच फाइलमध्ये घ्या, ३२-बिट काय चीज आहे ते माझ्या या एवढ्या लिहिण्यापेक्षा लवकर समजेल.