विंडोज १० वरून ११ वर जायचं का? वापरून बघितल्यावरचं माझं मत

विंडोज ११ वर बरेच महिने काम करतेय, ऑफिसचं, बँकेचं, फोटोंचं सगळं त्यावरच चालतं, आणि ओळखीतले लोक सारखं विचारतात की टाकू का, म्हणून एकदाच नीट लिहिते. मशीनला झेपत असेल तर टाका. पण तयारी न करता नुसतं बटण दाबू नका.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. कॉम्प्युटर बंद पडत नाही, रोजच्यासारखा चालू होतो, त्यामुळे वाटतं की काय बिघडलंय, चाललंय की सगळं. पण आता नवीन सापडलेली सिक्युरिटीची भोकं त्यात आपोआप बुजवली जात नाहीत. एक वर्षाची जादा सिक्युरिटी अपडेटची सोय आहे, ईएसयू नावाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, पण त्यासाठी स्वतः नाव नोंदवावं लागतं आणि त्यात मिळतो तो फक्त वेळ.

मशीन चालेल का, इथे खूप जण अडकतात. कागदावर अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागेची आहे, पण ४ जीबीवर ब्राउझर आणि एक्सेल सोबत उघडून बघा म्हणजे कळेल, माझ्या मते ८ च्या खाली जाऊच नका आणि अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. खरी अडचण प्रोसेसर आणि टीपीएम २.० ची, म्हणजे मशीनमधल्या सिक्युरिटीच्या चिपची असते. इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, एएमडीचा रायझन २००० पासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं की लगेच समजतं, आणि त्यात टीपीएम नाही असं आलं तर लगेच नवीन लॅपटॉप शोधायला लागू नका, खूप मशीनमध्ये तो असतो पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो, इंटेलवाल्यात पीटीटी आणि एएमडीवाल्यात एफटीपीएम या नावाने सापडतो. फक्त बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा, असेल तर ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, रिकव्हरी की, कागदावर लिहून ठेवा, नाहीतर ती की मागत मशीन अडून बसतं आणि की नसेल तर आतला डेटा गेला म्हणून समजा.

अट चुकवून जुन्या मशीनवर ११ टाकायचे जुगाड आहेत, माहितीये मला. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही आणि मग सगळा खटाटोप कशासाठी केला? आईवडिलांच्या कॉम्प्युटरवर तर असलं काही करूच नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, तुमची जोडलेली यंत्रं. जुना प्रिंटर, स्कॅनर, ऑफिसचं व्हीपीएन, हिशोबाचं सॉफ्टवेअर. यातल्या प्रत्येकाच्या कंपनीच्या साइटवर जाऊन ११ साठी ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर, आहे का ते बघा. ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाहीये, त्यामुळे फक्त ३२ बिट ड्रायव्हर असलेली जुनी वस्तू चालणार नाही. ज्या वस्तूवर तुमचं पोट आहे तिचं उत्तर "नाही" आलं तर थांबा, ईएसयू घ्या, बिनधास्त.

अपडेट नवंनवं आल्या आल्या टाकायच्याही मी विरोधात आहे. २०१८ चं ऑक्टोबर अपडेट आठवतंय का, काही लोकांच्या फाइल्सच उडाल्या होत्या, मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत ते थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून परत आणलं. ११ आलं तेव्हाही सुरुवातीला रायझनवाली मशीनं काही कामांत मंदावली होती, नंतर सुधारलं. म्हणून महिनाभर जाऊ द्या, आणि विंडोज अपडेटमध्ये तुम्हाला ते दिसतच नसेल तर जबरदस्तीने डाउनलोड करू नका, बऱ्याचदा तुमच्याच हार्डवेअरच्या एखाद्या माहीत असलेल्या बगमुळे ते अडवून ठेवलेलं असतं.

टाकल्यावर नाही पटलं तर परत जाता येतं, पण मुदत १० दिवसांची आहे. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, तिथे गो बॅक. फाइल्स राहतात, पण मधल्या काळात टाकलेली अ‍ॅप्स जातात. आणि जागा मोकळी करायच्या नादात जुनं विंडोज ठेवलेलं विंडोज डॉट ओल्ड फोल्डर उडवलात तर परतीचा रस्ता गेला. तरीही बाहेरच्या डिस्कवर बॅकअप हवाच, गो बॅक हा बॅकअप नाही.

वापरायला कसं आहे? चांगलं आहे. खिडक्या शेजारी शेजारी लावायची स्नॅपची पद्धत मला फार आवडते, फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आलेत, तेही रोज उपयोगी पडतात. राइट क्लिकचा मेन्यू मात्र उगाच आखूड केलाय, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना पूर्ण मेन्यू मिळतो. टास्कबारवर एकाच प्रोग्रामच्या खिडक्या एकत्र गोळा होतात तेही मला चालत नाही, पण ११ च्या २३एच२ या आवृत्तीपासून ते बंद करायची सोय परत आलीये, टास्कबारच्या सेटिंगमध्ये खाली आहे, पहिल्याच दिवशी करून टाका.