घरीच कूलंट बदललं, त्याला आठ महिने झाले

गेल्या ऑक्टोबरात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. मुलं मागे झोपलेली, बाहेर रणरणतं ऊन. गाडी बाजूला घेऊन तासभर थांबलो. बॉनेट उघडून कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत बघितलं तर कोऱ्या चहासारखं तांबूस पाणी. आदल्या सर्व्हिसिंगला एका गॅरेजमध्ये साधं बोअरचं पाणी भरलं होतं. विचारलं तर उत्तर आलं, "आपल्याकडं काय बर्फ पडत न्हाई, पाणी चालतंय की."

हा समज आपल्या भागात फार पसरलाय, म्हणून मुद्दाम लिहितोय. कूलंट थंडीत पाणी गोठू नये म्हणून असतं, हे अर्धंच खरं. त्यातली रसायनं आतला गंज रोखतात, आणि ग्लायकॉल या त्यातल्या मुख्य घटकामुळे उकळायला जास्त उष्णता लागते. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी साधारण 95 अंशांना उकळतं, आणि इंजिन चालतंच 90 च्या आसपास. निम्मं ग्लायकॉल आणि रेडिएटरला दाब धरणारं झाकण असेल तर हाच आकडा 120 च्या वर जातो. माझ्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. म्हणजे साधं पाणी आणि वर दाबही नाही!

दिवाळीच्या सुट्टीत दाजींना सोबत घेऊन काम काढलं. गाडी रात्रभर थंड केली. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफ थेट तोंडावर येते. खाली घमेलं ठेवून रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) सैल केला. आलं ते विटकरी पाणी, आणि झाकणाच्या तोंडाशी नखाने खरवडावा असा पांढरा क्षार.

खरी गोम पुढे आहे. गाडीच्या पुस्तकात कूलंटची क्षमता 4 लिटर, घमेल्यात आलं जेमतेम अडीच. उरलेलं दीड लिटर इंजिनात आणि हीटरमध्ये बसून राहतं. म्हणून पाणी भरायचं, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवायचं, थंड करून परत काढायचं. असं तीनदा केलं, शेवटच्या वेळी डिस्टिल्ड वॉटरने. त्यात दोन दिवस गेले. आता आत दीड लिटर पाणी आहेच, तर त्यावर तयार मिसळलेलं कूलंट ओतलं की ते पातळ होणार. मी 2 लिटर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घातलं, वर अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. हिशेब निम्मा-निम्मा बसला. रंगावर मात्र जाऊ नका, हिरवा-लाल हा काही प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्या.

आमची गल्ली चढाची, त्याचा फायदा झाला. गाडीचं नाक वर करून लावली, दाजी रेडिएटरची रबरी नळी (होस) हळूहळू दाबत राहिले आणि बुडबुडे निघत गेले. वरच्या होसवर हात ठेवला होता. बराच वेळ तो गार, आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडल्यावर एकदम चटका. फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. झाकण नवीन घेतलं, तो खर्च टाळू नका.

एक चूक झाली. प्लॅस्टिकचा ड्रेन प्लग पान्याने आवळला, त्याची रिंग दबली आणि सकाळी खाली थेंब दिसले. नवी रिंग टाकून हातानेच घट्ट केला, तेव्हापासून टिपूस नाही. ते थेंब मात्र लगेच धुवून काढले. ग्लायकॉल गोड लागतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. जुनं पाणीसुद्धा गटारात ओतलं नाही. कॅनमध्ये बंद करून, जुन्या ऑइलची सोय असलेल्या गॅरेजमध्ये विचारून दिलं.

पहिल्या आठवड्यात बाटलीतली पातळी बोटभर उतरली, राहिलेली हवा निघाली असणार. तेवढं भरलं, पुढे काही नाही. मे महिन्यात पाच माणसं आणि एसी घेऊन यवतेश्वर घाट चढून कासला गेलो, काटा मध्यावरून हलला नाही. परवा कूलंट टेस्टरने बघितलं, प्रमाण जागेवर आहे. बाटलीतलं पाणी अजून नितळ दिसतं. गाडी थंड असताना दर रविवारी सकाळी एकदा डोकावतो, आणि बॉनेटच्या आत मार्करने तारीख लिहून ठेवलीय.